व्हिसा ही हमी नव्हे

पौष पौर्णिमेच्या सुमारास मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे म्हसोबाची यात्रा भरते. या यात्रेतील बैलबाजाराची ख्याती जिल्ह्याबाहेरही पोहोचलेली आहे. तेथे बैल घेणारा शेतकरी कधी घाई करीत नाही. तो जनावराचे दात मोजतो, खूर पाहतो, चार पावले चालवून बघतो, गावातला एखादा जाणता माणूस सोबत आणतो आणि मगच व्यवहाराला हात घालतो. हाच शेतकरी मुलाला डॉक्टर करण्यासाठी चीनला धाडावयाचे ठरवतो, तेव्हा मात्र बैलाच्या किमतीच्या कित्येक पट रक्कम तो एका रंगीत माहितीपत्रकाच्या भरवशावर मोजून मोकळा होतो. दलालाला तो एकच प्रश्न विचारतो : ‘व्हिसा होईल ना?’ ‘शंभर टक्के होईल, काका,’ असे उत्तर मिळते आणि घरात पेढे वाटले जातात.

या उत्तरात बहुधा खोटे काही नसते, आणि खरा धोका तेथेच आहे. प्रवेश झालेल्या विद्यार्थ्याला व्हिसा मिळणे ही फार अवघड गोष्ट नव्हे. परंतु व्हिसा म्हणजे परक्या देशाने आपल्या दारातून आत येण्यास दिलेली अनुमती. आत गेल्यावर जे शिक्षण मिळेल ते मायदेशी चालेल की नाही, याविषयी तो एक अक्षरही बोलत नाही. व्हिसाचा शिक्का म्हणजे पदवीची हमी, हा गैरसमज पालकांच्या मनातून काढून टाकणे ही आजची निकड आहे.

व्हिसाची प्रक्रिया तशी सरळ आहे. प्रथम पासपोर्ट, मग विद्यापीठाचे प्रवेशपत्र आणि त्यासोबत चीनमधून येणारा, स्वखर्चाने शिकणाऱ्यांसाठीचा जेडब्ल्यू-२०२ हा नमुना, वैद्यकीय तपासणीचा अहवाल, आणि मग मुंबईत अर्ज. १८० दिवसांहून अधिक काळ शिकावयाचे असल्यास एक्स-१ व्हिसा लागतो, त्याहून कमी मुदतीसाठी एक्स-२. एक्स-१ मिळाला म्हणजे सारे झाले, असेही नाही. चीनमध्ये उतरल्यावर २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करावी लागते आणि ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. ही माहिती उघड आहे, नमुने उघड आहेत. एवढ्या कामासाठी दलालाला मोठी रक्कम मोजण्याचे वस्तुतः काही कारण नाही.

कठीण प्रश्न वेगळे आहेत, आणि ते व्हिसाच्या आधी विचारावयाचे आहेत. परदेशी वैद्यकीय शिक्षण घेऊन भारतात व्यवसाय करू इच्छिणाऱ्याला ‘नीट’ उत्तीर्ण असणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी जे नियम जारी केले, त्यांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, माध्यम इंग्रजी हवे, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी, आणि त्या देशात व्यवसाय करण्याचा परवाना मिळण्यास ती पदवी पात्र हवी. सप्टेंबर २०२२ मध्ये बीजिंगमधील भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांसाठी सूचनापत्र काढले. इंग्रजी माध्यमातून परदेशी विद्यार्थी घेण्यास चीन सरकारने त्या वेळी ४५ वैद्यकीय महाविद्यालयांनाच मान्यता दिली होती. त्यांखेरीज अन्यत्र प्रवेश घेऊ नये, असे त्यात बजावले होते. वर्ग इंग्रजीत चालले तरी रुग्ण चिनी भाषाच बोलतो. म्हणून ती भाषा शिकणे अनिवार्य असल्याचेही त्यात स्पष्ट केले होते. माहितीपत्रकांवर मात्र उंच इमारतींची चित्रे असतात, या अटी नसतात.

त्याच सूचनापत्रातील आकडे प्रत्येक पालकाने डोळ्यांखालून घालावेत असे आहेत. २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकलेले ४०,४१७ विद्यार्थी भारतातील पात्रता परीक्षेस बसले. उत्तीर्ण झाले ६,३८७. म्हणजे शंभरांत सोळा. शुल्क विद्यापीठागणिक वेगवेगळे असते. राहण्या-जेवणाचा खर्च निराळा. पाच वर्षांचे शुल्क मध्यम अंदाजाने २० लाख धरले, तर शंभर कुटुंबे मिळून २० कोटी रुपये खर्च करतात आणि सोळा डॉक्टर हाती लागतात. समाजाच्या दृष्टीने दर डॉक्टरमागे केवळ शुल्काचाच खर्च सव्वा कोटी झाला. काही जण पुढच्या प्रयत्नात उत्तीर्ण होतात हे मान्य करून यशस्वी विद्यार्थ्यांची संख्या दुप्पट धरली, तरीही हा आकडा साडेबासष्ट लाखांच्या खाली येत नाही. आणि उरलेल्यांच्या घरी काय उरते? कर्जाचे हप्ते, आणि गावात ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली गेल्यावर खाली जाणारी मान.

जोखीम केवळ परीक्षेचीच नाही. २८ मार्च २०२० पासून चीनने महामारीमुळे परदेशी व्हिसाधारकांना प्रवेश बंद केला. भारतात परतलेले हजारो विद्यार्थी वैध प्रवेश असूनही दोन वर्षांहून अधिक काळ घरी अडकले. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांचे व्हिसा पुन्हा सुरू झाले. थेट विमाने सुरू होण्यास तर ऑक्टोबर २०२५ उजाडला. दरम्यान केवळ दूरस्थ पद्धतीने घेतलेले वैद्यकीय शिक्षण ग्राह्य धरता येणार नाही, अशी भूमिका आयोगाने घेतली. देशादेशांतील संबंध बिघडले, की त्याची झळ अशी सामान्य घरातील पोरांना लागते.

मग पालक या वाटेला जातातच का? त्यांना मूर्ख ठरवणे अन्यायाचे होईल. ‘नीट’ला २० लाखांहून अधिक मुले बसतात आणि जागा त्यांच्या अल्पांशाने असतात. खासगी महाविद्यालयांचे शुल्क ऐकून ग्रामीण माणसाची छाती दडपते. त्या तुलनेत चीन स्वस्त वाटतो. त्यातच आपल्या भागात जमिनीचा पैसा आला आहे. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मुरबाडकडेही शेतजमिनी बंगल्यांसाठी विकल्या जात आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन एकदाच रोख रकमेत बदलते, आणि ती रक्कम मुलांच्या शिक्षणात घालावी, ही इच्छा स्तुत्यच आहे. पण जमीन परत येत नसते. म्हणूनच हा व्यवहार चुकता कामा नये.

१९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विकणाऱ्याला मालाची खोड ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात खराब माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, हे त्याचे सार. म्हशाच्या बाजारात ही विषमता कमी असते, कारण घेणाराही बैल ओळखतो. परदेशी शिक्षणाच्या बाजारात ती पराकोटीची आहे. दलालाला त्याचा मोबदला विद्यार्थी विमानात बसला की मिळतो. सहा वर्षांनंतरच्या निकालाशी त्याचे देणेघेणे नसते.

याचा अर्थ चीनला जाऊच नये, असा नव्हे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून तेथे गेले, चिनी भाषा शिकले, रुग्णसेवा करता करता १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. ज्ञानासाठी व सेवेसाठी सीमा ओलांडण्याची परंपरा आपली आहे. परंतु कोटणीस गेले ते येथे डॉक्टर होऊन, आणि कोठे व कशासाठी जात आहोत हे जाणून.

उपाय खर्चिक नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयांनी बारावीच्या पालकांसाठी वर्षातून एक सभा घेऊन आयोगाचे नियम मराठीत समजावून सांगावेत. तहसील कचेरीत मान्य संस्थांची अद्ययावत यादी आणि पात्रता परीक्षेचे निकाल लावावेत. परदेशी प्रवेशाच्या दलालांना नोंदणी सक्तीची करावी, त्यांचा मोबदला लेखी करारात नमूद असावा, आणि चुकीची माहिती दिल्यास पैसे परत करण्याचे बंधन असावे. पालकांनीही पहिला हप्ता देण्यापूर्वी पाच गोष्टी लेखी मागाव्यात : महाविद्यालय आजच्या मान्य यादीत आहे काय, माध्यम कोणते, आंतरवासिता कोठे, तेथील परवान्यास पदवी पात्र आहे काय, आणि तेथून आलेल्या किती मुलांनी आपली परीक्षा ओलांडली.

या पाचही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर व्हिसा खुशाल काढावा. ते शेवटचे आणि सर्वांत सोपे काम आहे. दात मोजल्यावाचून बैल न घेणाऱ्या माणसाने मुलाचे आयुष्य पारखल्यावाचून कोणाच्या हवाली करू नये, एवढेच सांगणे आहे.