वस्तादांची तालीम आणि आपली लेक

घणसोलीला परवा एका ओळखीच्या घरी आम्ही बसलो होतो. घरधनी महापेच्या कारखान्यात कामाला. आठवीतली लेक तायक्वांदोचा क्लास लावायचा म्हणून हटून बसलेली. आई म्हणाली, "दादा, पोरीच्या जातीला लाथा मारायला शिकून काय करायचंय? त्यापेक्षा अभ्यास करू दे."

आम्ही म्हटले, "ताई, ही दोन्ही कामे एकत्र करणारा माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला."

तायक्वांदो हा कोरियाचा खेळ. तिथेच तेक्क्योन नावाची जुनी कला आहे. नाचल्यासारखी पावले टाकीत समोरच्याला पायाने पाडायचे. १९१० ते १९४५ या जपानी राजवटीत ती बुडत चालली होती. सोंग दोक-गी या गुरूने ती जपली आणि २०११ साली युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत मान दिला.

आपल्याकडचा तसाच वारसा म्हणजे दांडपट्टा. लांब, सरळ, लवचिक पाते आणि कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ. मुठीत मनगट वळत नाही, म्हणून खांदा, कंबर आणि पाय यांच्या जोरावर पट्टा फिरवायचा. एकट्याने अनेकांना दूर ठेवायचे हे हत्यार. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यशस्त्र म्हणून मान दिला.

ही विद्या पुण्यात शिकवीत लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१). जातीने मातंग, म्हणजे त्या काळी अस्पृश्य. पण त्यांच्या तालमीत वरच्या जातींची मुलेही घाम गाळीत. आपण लहुजींकडे दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकलो, हे जोतीराव फुल्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे जोतीरावांनी शाळा काढल्या, तेव्हा हाच वस्ताद वस्तीतली पोरे शाळेत धाडण्यासाठी पाठीशी उभा राहिला. त्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती.

म्हणजे पट्टा आणि पाटी यांचे वैर कधीच नव्हते. तालीम अंगात ताकद आणते, तशी शिस्त आणि संयमही आणते. मान खाली घालून चालायची सवय मोडते.

तेव्हा आयांनो, लेकीला क्लासला जरूर घाला. आधी शिकवणारा कसा आहे, सोबत आणखी मुली आहेत का, हे स्वतः जाऊन पाहा. अभ्यासाची वेळ मात्र मोडू देऊ नका.

घणसोलीची लेक येत्या सोमवारपासून जाणार आहे. सोडायला आई जाणार आहे.