सायकलची सहल आणि कॅमेरा

मेहकराहून लोणार अवघें वीस-पंचवीस किलोमीटर. पहांटे सायकलवर निघालें तर उन्हें तापण्यापूर्वीं सरोवराचा कांठ गांठतां येतो. अशा सहलीच्या आदल्या रात्रीं घरोघर एक वाद हटकून होतो : कॅमेरा न्यावा कीं नको ? वडील मंडळी म्हणतात, देवानें डोळे दिले आहेत, ओझें कशाला ? मुलांना चित्रांवांचून सहल अपुरी वाटते.

ही जोडी मात्र जुनी आहे. ज्या १८८८ सालीं मेहकरास शार्ङ्गधर बालाजीची मूर्ति भूमींतून प्रकट झाली, त्याच सालीं गुंडाळीच्या फिल्मचा कोडॅक कॅमेरा निघाला व कांचेच्या जड पट्ट्या वाहण्याची यातायात चुकली. पुढें १८९० ते १८९३ पर्यंत ॲलन व साख्टलेबेन या अमेरिकन तरुणांनीं सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हां कोडॅक त्यांच्यासोबत होता.

खरा प्रश्न नेण्याच्या रीतीचा आहे. मागच्या कॅरिअरला बांधलेल्या कॅमेऱ्यास रस्त्याचा प्रत्येक हादरा बसतो व स्क्रू ढिले होतात. तो पाठीशीं घट्ट बांधावा, म्हणजे हादरे आपलें शरीर सोसतें. भिंगावरील धूळ आधीं फुंकावी, मग पुसावी. नाहींतर चरे पडतात. चित्र घेतांना सायकलवरून खालीं उतरावेंच.

दैत्यसूदनाच्या मंदिरावरील शिल्पें सकाळच्या तिरप्या उन्हांत उठून दिसतात; भर दुपारीं सारें सपाट भासतें. देवळांत पुजाऱ्यांस आणि वाटेंत माणसांस, विशेषतः स्त्रियांस, विचारल्यावांचून कॅमेरा रोखूं नये.

२०२० च्या जूनमध्यें लोणारचें पाणी क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळें गुलाबी झालें होतें. असे पालट स्मरणांत फार काळ टिकत नाहींत. एकाच जागेवरून दरवर्षीं घेतलेलें एक साधें चित्र, तारीख घालून जपल्यास, पाण्याची चढउतार पुढील पिढीस सांगेल. मेहकरच्या कंचनीच्या महालाच्या भग्न भिंतींविषयींही हेंच म्हणतां येईल. वडिलांच्या डोळ्यांना हें काम साधणारें नाहीं.

पण त्यांचा आक्षेपही पोकळ नव्हे. पूर्वीं एका गुंडाळींत बारा चित्रें निघत, म्हणून मनुष्य आधीं पाही, मग टिपी. मोबाईल असला तरी बाराचीच मर्यादा पाळावी. घरीं आल्यावर त्यांतलीं चार कागदावर छापून, जिला विवर उतरणें होणार नाहीं त्या आजीच्या हातीं द्यावीं. तिच्या प्रश्नांचीं उत्तरें देतां आलीं, तर सहल डोळ्यांनींही झाली असें समजावें.