खाऱ्या पाण्याची ठेव

विस्थापनावर आपण साहित्याचे अभ्यासक पुष्कळ लिहितो. पण घर बदलताना खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय महिनाभर कोणाकडे ठेवावे, या प्रश्नापाशी तो शब्द पोकळ वाटू लागतो. आमच्या मते ते मायाळू शेजाऱ्याकडे ठेवू नये. टाकीतले पाणी आटते, मीठ मागे उरते; म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची असते. शेजारी प्रेमाने खारे पाणी ओततो आणि लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मिठाचा तोल ढळतो. शिवाय माशांच्या उत्सर्गातला अमोनिया निवळतात ते खडकांवरचे जिवाणू. नव्या टाकीत त्यांची वसाहत जमायला कित्येक आठवडे लागतात. तेव्हा मासे आणि ओलेच ठेवलेले खडक, जुनी मुरलेली टाकी असलेल्या (भले तुसड्या) छांदिष्टाकडेच सोपवावेत. त्याने भाडे मागितले तर खुशाल द्यावे.