विज्ञानकथेने कपाशीच्या शेतात यावं

पाओलो बाचिगालुपी या अमेरिकी लेखकाची ‘द वाइंडअप गर्ल’ ही २००९ सालची कादंबरी बँकॉकच्या बाजारात सुरू होते. एक परदेशी माणूस केसाळ सालीचं अनोळखी फळ घेतो, सोलतो, तोंडात टाकतो. चव अप्रतिम असते, पण त्याला छळतो तो वेगळाच प्रश्न : याचं बी आलं कुठून? हा माणूस एका बियाणे कंपनीचा छुपा हस्तक आहे. रोगांनी जगभरची पिकं उद्ध्वस्त झाली आहेत, पुन्हा न उगवणारं बी विकणाऱ्या कंपन्यांच्या मुठीत अन्न गेलं आहे आणि थायलंडने स्वतःचा बियाणे संग्रह प्राणपणाने जपला आहे. इतरत्र कुणी ही दूरच्या भविष्याची कल्पना म्हणून वाचेल. जालना जिल्ह्यातल्या वाचकाला मात्र तिच्यात बरंच ओळखीचं सापडेल. माझं म्हणणं एवढंच आहे की मराठी विज्ञानकथेसाठी सगळ्यात सकस ऐवज आज अशा जिल्ह्यांत पडून आहे, आणि आपले लेखक तिकडे फारसे फिरकलेले नाहीत.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली. याच कंपनीच्या संकरित कपाशीत मातीतल्या एका जिवाणूचं जनुक आलं आणि मार्च २००२ मध्ये बीटी वाणांच्या लागवडीला केंद्राची परवानगी मिळाली. झाडच विष तयार करून बोंडअळीला मारू लागलं. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं एक लहान पाकीट मिळायचं. त्यात साध्या, बिगर-बीटी कपाशीचं बी असे, ज्याला ‘रेफ्युजी’ म्हणतात. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे विषाला न सरावलेल्या अळ्या तिथे जगतील, त्यांच्या पतंगांचा सरावलेल्यांशी संकर होईल आणि पुढच्या पिढ्याही विषाला बळी पडत राहतील. बहुतेकांनी ते लावलंच नाही. दोन एकरांचा धनी अळीला पोसण्यासाठी चार ओळी का सोडेल? त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर होता. सगळ्यांचे बरोबर हिशेब एकत्र आले आणि २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने राज्यभर बोंडं पोखरली. शत्रूची थोडी पिलावळ मुद्दाम जगवली तरच आपण जगू, या अटीवर उभं असलेलं शेत! यापेक्षा मोठं कथाबीज मंगळावर जाऊनही मिळणार नाही.

मराठीत विज्ञानकथेची परंपरा नवी नाही. १९७४ साली जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि विज्ञानकथेला मराठीत प्रतिष्ठा मिळू लागली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ती वाढवली. पण या कथांचा नायक बहुधा शास्त्रज्ञ असतो आणि जागा प्रयोगशाळा, महानगर किंवा अंतराळ. नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’मध्ये बर्फ पडतो तो मुंबईत. शोध लावणारा माणूस आपल्याला नीट भेटला. तो शोध उधारीवर विकत घेऊन पेरणारा माणूस अजून भेटायचा आहे.

यावर पहिला आक्षेप असा की शेतकऱ्याचं जगणं मांडायला वास्तववादी ग्रामीण साहित्य समर्थ आहे. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ किंवा सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ वाचलेला कुणीही हे मान्य करेल. पण वास्तववादाची नजर एका घरावर, एका हयातीवर स्थिरावते. अळीच्या कित्येक पिढ्यांत सरकत जाणारा बदल किंवा तीस वर्षांनी येणारा परिणाम कुणा एकाच्या अंगणात दिसत नाही. तिथे कल्पनेला काळ ओलांडावाच लागतो. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे : जिथे टँकरची वाट पाहावी लागते, तिथे अद्भुताचे चोचले कशाला? २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या, तोडाव्या लागल्या; हे ज्याने सोसलं त्याला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. पण बाचिगालुपीचीच ‘द वॉटर नाइफ’ (२०१५) पाहा. कोलोरॅडो नदीच्या पाण्यासाठी अमेरिकेतली राज्यं एकमेकांवर उठली आहेत आणि कागदोपत्री हक्क ज्याचा, त्याचंच शहर जगतं. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही, यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा कोर्टात भांडतात, तेव्हा आपण त्याच गोष्टीच्या पहिल्या प्रकरणात असतो. मराठवाड्यावर २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये कृत्रिम पावसासाठी विमानांनी ढगांत रसायनं फवारली. उद्या खरंच ढग वळवता आले, तर ते कुणाच्या तालुक्यावर वळवायचे हे कोण ठरवणार? हा प्रश्न तहानलेल्या माणसाचाच आहे, आणि तो आधी कथेत विचारून ठेवलेला बरा.

अशा कथेतून विज्ञानाविषयी नुसती भीती पसरेल, ही शंका मात्र मला खरी वाटते. कंपनी राक्षस, शेतकरी भोळा आणि जनुक म्हणजे शाप, असं लिहिणं सोपं आहे आणि ते खोटं ठरेल. बीटीमुळे सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, अनेकांच्या हाती पैसा आला. म्हणूनच तर ते बी इतक्या वेगाने पसरलं. आणि परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील एचटीबीटी बी काही शेतकऱ्यांनी २०१९ मध्ये उघडपणे, आंदोलन म्हणून पेरलं. त्यांना नवं तंत्र नको नव्हतं, हवं होतं. मराठी कथेला हा शेतकरी पेलायला हवा : कीटकशास्त्र न शिकलेला पण बियाण्याच्या दुकानात दहा पाकिटं उलटसुलट करून पाहणारा, धोका पत्करणारा, कधी चुकणारा. त्याच्यासोबत ‘रेफ्युजी लावा’ म्हणून गावोगाव सांगत फिरलेला कृषी सहायकही हवा, कारण पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होतं आणि त्याच्या हाती पत्रकांखेरीज काही नव्हतं. कृषी महाविद्यालयांत शिकणाऱ्या, सुटीत घरच्या वेचणीला जाणाऱ्या मुला-मुलींना हे दोन्ही बाजूंनी माहीत आहे. दिवाळी अंकांच्या संपादकांनी विज्ञानकथा मागायची तर ती त्यांच्याकडे मागावी.