केर उचलायचा की उडवायचा?



केंद्र सरकारच्या २०१६ च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात देशातील मैदानी जिल्ह्यांमध्ये आपला सिंधुदुर्ग पहिला आला. त्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण अशा पाहणीत गाव किती स्वच्छ आहे एवढेच कळते. घरात रोज केर काढणाऱ्या व्यक्तीच्या छातीत किती धूळ जाते, हे कोणी मोजत नाही.

हे आज सांगण्याचे कारण म्हणजे कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर. हे बिनवायरचे, विद्युतघटावर चालणारे यंत्र आता आपल्या किनाऱ्यावरच्या काही घरांतही आले आहे. त्यावरून घराघरांत वाद होतात. कोणी म्हणतो, 'हे आळशी माणसाचे खेळणे आहे.' कोणी म्हणतो, 'केरसुणीचे दिवस संपले.' मला दोन्ही मते अपुरी वाटतात. माझ्या मते या यंत्राला एकच कसोटी लावावी: केर काढणाऱ्याच्या श्वासात जाणारी धूळ त्याने कमी होते का? ही कसोटी लावायची, तर थोडे पदार्थविज्ञान हाताशी हवे.

केरसुणी नेमके काय करते?

केरसुणी केर एका जागेवरून दुसऱ्या जागी ढकलते. मोठा केर सुपलीत जातो, बारीक धूळ मात्र हवेत उडते. ती परत केव्हा खाली बसते? लहान कण हवेतून किती वेगाने पडतो, याचा नियम स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडला. त्यानुसार कणाचा व्यास दहापट कमी झाला, तर पडण्याचा वेग शंभरपट कमी होतो. दीड मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण आपल्या नाकाच्या उंचीवरून, मातीचा १० मायक्रॉन व्यासाचा कण शांत हवेत खाली यायला तीन-चार मिनिटे लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला सुमारे पाच तास लागतात! (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) सकाळी उडवलेली बारीक धूळ दुपारच्या जेवणापर्यंत घरात तरंगत असते. आणि फुप्फुसात खोलवर पोचतात ते हेच बारीक कण.

व्हॅक्यूम क्लीनरच्या इतिहासातही ही गोष्ट दिसते. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने फुंकर मारून धूळ उडवणारे एक यंत्र पाहिले. उडवलेली धूळ पुन्हा खालीच बसणार, मग ती ओढून का घेऊ नये, असा त्याने विचार केला. त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावून हवा आत ओढली आणि रुमालावर उमटलेला धुळीचा डाग पाहिला. त्याचे यंत्र घोडागाडीवरून न्यावे लागे, इतके ते अवजड होते. हाताने उचलता येईल असे विजेचे यंत्र १९०७ च्या सुमारास अमेरिकेत जेम्स मरे स्पँग्लर याने बनवले. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्याच वस्तू त्याने जोडल्या. हा स्पँग्लर एका दुकानात झाडलोट करणारा कामगार होता आणि त्याला दम्याचा विकार होता. झाडणाऱ्याच्या श्वासासाठीच हे यंत्र जन्माला आले, हे विसरू नये.

जाहिरातीतला आकडा

'२०,००० पास्कल ओढ!' असे खोक्यावर छापलेले असते. याचा अर्थ काय? यंत्रातला पंखा आतील हवेचा दाब कमी करतो आणि बाहेरची हवा धुळीसकट आत ढकलली जाते. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,००० पास्कल असतो. त्यातून २०,००० पास्कल कमी झाले, तर दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उचलला जाईल. आकडा खोटा नसतो. पण तो मोजतात तोंड पूर्ण बंद करून. तेव्हा हवा वाहतच नाही आणि हवा वाहिली नाही, तर धूळ उचलली जात नाही.

दहावीच्या विद्यार्थ्यांना हे चटकन समजेल. विद्युतघटाचे परिपथ खुले ठेवले, तर विभवांतर सर्वांत जास्त मिळते, पण धारा शून्य असते, म्हणून शक्तीही शून्य. इथेही तसेच. दाबातील फरक गुणिले दर सेकंदाला वाहणारी हवा म्हणजे हवेला मिळालेली शक्ती. समजा, काम करताना दाबातील फरक ८,००० पास्कल आहे आणि सेकंदाला १० लिटर, म्हणजे ०.०१ घनमीटर हवा वाहते. गुणाकार ८० वॅट. दुकानदाराला पास्कल विचारू नका, हा वॅटचा आकडा विचारा.

तसाच दुसरा आकडा 'साठ मिनिटे चालते' हा. समजा, यंत्रात ३.६ व्होल्टचे सात लिथियम-आयन घट एकसर जोडणीत आहेत आणि क्षमता २.५ अँपिअर-तास आहे. मग साठलेली ऊर्जा २५.२ × २.५ = ६३ वॅट-तास. पूर्ण जोरात मोटर ४०० वॅट खात असेल, तर यंत्र साडेनऊ मिनिटांत थांबेल. साठ मिनिटांचा आकडा हा बहुधा सर्वांत मंद गतीचा असतो. विजेचा खर्च मात्र नगण्य आहे, एका भरणीला युनिटचा दहावा हिस्सासुद्धा लागत नाही.

खरी परीक्षा गाळणीची

धूळ आत गेली म्हणजे संपले, असे नाही. आत गेलेली हवा मागच्या जाळीतून बाहेर येणारच. गाळणी जाडीभरडी असेल, तर मोठी धूळ डब्यात राहते आणि बारीक धूळ खोलीभर फवारली जाते. असे यंत्र केरसुणीपेक्षा वाईट! 'हेपा' नावाची गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. हा ०.३ चा आकडा का? कारण साधारण त्याच आकाराचे कण अडवायला सर्वांत कठीण असतात. मोठे कण हवेबरोबर वळू न शकल्याने धाग्यांवर आदळतात. फार लहान कण ब्राउनीय गतीने वेडेवाकडे फिरत धाग्यांना चिकटतात. मधले कण निसटतात.

पण आपल्याकडे एक पथ्य हवे. गाळणी धुण्याजोगी असली, तर ती पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये. आषाढ-श्रावणात ती वाळायला दिवसच्या दिवस लागतात आणि ओलसर गाळणीत बुरशी धरते. दुसरी गाळणी घरात नसेल, तर पावसाळ्यात यंत्र कोपऱ्यात उभे राहील.

तीन तऱ्हेची धूळ

आता आपल्या घरांकडे पाहू. किनाऱ्यावरच्या घरात तीन तऱ्हेचा केर असतो.

पहिली वाळू. पायांबरोबर येणारे हे कण जड असतात, उडाले तरी क्षणात खाली बसतात. त्यांना केरसुणी उत्तम. खळ्यातल्या पाचोळ्याला माडाच्या हिरांच्या खराट्याइतके चांगले साधन नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तर यंत्र फिरवूच नये, ते सारवणच उकरून काढील.

दुसरी धूळ समुद्राच्या मिठाची. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून विरघळते. पावसाळ्यात आपली आर्द्रता याहून बरीच जास्त असते. म्हणून तेव्हा लादी चिकट लागते आणि धूळ तिला धरून बसते. हवेची ओढ इथे हरते. ओले फडके हाच उपाय. साध्या व्हॅक्यूम क्लीनरने पाणी मात्र कधीही ओढू नये.

तिसरी धूळ तांबड्या मातीची, कापडाच्या तंतूंची आणि गादीतल्या सूक्ष्म कोळ्यांच्या विष्ठेची. हे कोळी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे असतात आणि दमट हवेत वाढतात. दम्याशी त्यांचा संबंध १९६० च्या दशकात हॉलंडमधील संशोधकांनी दाखवून दिला. गादी, सोफा, पडदे, पंख्याची पाती आणि कपाटामागची फट इथे यंत्राचे खरे काम आहे. तरी जिवंत कोळी गादीच्या आत घट्ट धरून राहतात. चादरी कडक गरम पाण्यात धुणे आणि गाद्या उन्हात घालून खडखडीत वाळवणे यांना यंत्र पर्याय नाही, ते जोडीला आहे.

म्हणून माझे मत असे: घरात कोणाला दमा किंवा धुळीचा त्रास असेल आणि गाळणी उत्तम असेल, तर हे यंत्र चैन नव्हे, गरज आहे. तसे नसेल, तर आधी सुक्या झाडण्याच्या जागी ओलसर फडक्याची सवय लावा. तिला खर्च जवळजवळ नाही.

यंत्र कोणाच्या हातात?

आणखी एक मुद्दा उरतो. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. यंत्राने हा हिशेब आपोआप बदलतो का? अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की पूर्वी गालिचे बाहेर नेऊन झोडपण्याच्या कामात पुरुष आणि मुलगे हात लावीत. व्हॅक्यूम क्लीनर आला आणि तेही काम एकट्या गृहिणीवर पडले. शिवाय स्वच्छतेची अपेक्षा वाढली ती वेगळीच. म्हणजे हात हलका झाला, पण वेळ वाचला नाही. बिनवायरचे यंत्र वजनाने हलके असते आणि चालवायला सोपे असते. मग ते आठवीतल्या मुलाच्या हाती का नसावे?

आणि यंत्र म्हातारे झाल्यावर? लिथियमचे घट कचऱ्यात टाकले आणि चेपले गेले, तर आग लागू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुने घट गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. खरेदीच्या वेळीच विचारा: नवा घट मिळेल का, जुना परत कोण घेईल?

करून पाहा

कौलारू घरात काचेचे कौल असते, त्यातून उन्हाची तिरीप खोलीत येते. नसेल तर खिडकीची फट चालेल. एके दिवशी तिथे सुक्या केरसुणीने झाडा आणि तिरिपीतले कण विरळ व्हायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ओलसर फडके फिरवा. कोणाकडे यंत्र असेल, तर तिसऱ्या दिवशी ते चालवा आणि मागच्या जाळीतून येणारी हवा तिरिपीत सोडून पाहा. दार-खिडक्या तिन्ही दिवशी सारख्याच ठेवा आणि तोंडाला रुमाल बांधा.

शिक्षकांना विनंती, की वर्गातील सर्व मुलामुलींचे आकडे एका तक्त्यात मांडावेत आणि त्यात एक रकाना असाही ठेवावा: 'आमच्या घरी रोज केर कोण काढते?' तो भरून झाला की मुलांशी त्यावर बोलावे.