'तवारिश्च' आणि 'कॉम्रेड'

रशियन 'तवारिश्च' या शब्दाला मराठी पर्याय कोणता द्यावा, असा प्रश्न भाषांतरकाराला सहसा पडत नाही. 'कॉम्रेड' हाताशी तयार असतो. परंतु या तयार पर्यायाने रशियन साहित्याच्या मराठी वाचकाचे नुकसान होते, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

'तवारिश्च' हे काही १९१७ च्या क्रांतीचे अपत्य नव्हे. बहुतेक व्युत्पत्तिकार त्याचे मूळ तुर्की भाषाकुलात शोधतात व त्याचा संबंध 'तवार', म्हणजे विक्रीचा माल, या शब्दाशी जोडतात. मालाच्या वाटेवरचा सोबती, व्यापारातला भागीदार, हा त्याचा जुना अर्थ. पुश्किनने १८१८ मध्ये चादायेवला उद्देशून लिहिलेल्या कवितेत हे संबोधन आहे. गोगोलच्या 'तारास बुल्बा'च्या १८४२ च्या आवृत्तीत कोसाकांच्या सोबतीपणाचा गौरव करणारे भाषण याच शब्दाच्या भाववाचक रूपावर उभे आहे. झारच्या नोकरशाहीत तर तो चक्क हुद्दा होता : 'मंत्र्याचा तवारिश्च' म्हणजे उपमंत्री. टॉलस्टॉयच्या 'पुनरुत्थान' (१८९९) या कादंबरीत न्यायालयात उभा असणारा 'तवारिश्च' हा दुय्यम सरकारी वकील आहे. त्याला 'कॉम्रेड' म्हटल्यास हसे होईल.

क्रांतिपूर्व साहित्यापुरता हा प्रश्न सोबती, सवंगडी, सहकारी अशा शब्दांनी प्रसंगानुरूप सुटू शकतो. खरी गुंतागुंत पुढची आहे. नोव्हेंबर १९१७ मध्ये सामाजिक श्रेणी व त्यांच्या पदव्या रद्द झाल्या आणि 'तवारिश्च' हे सार्वत्रिक संबोधन होऊ लागले. पक्षाशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसालाही ते लावले जाई. मराठीत 'कॉम्रेड' म्हणताच मात्र पक्षाचा सभासद डोळ्यांसमोर येतो. 'साथी' म्हणावे तर समाजवादी परंपरा आठवते, 'भाई' म्हणावे तर शेतकरी कामगार पक्ष. डाव्या चळवळीच्या प्रत्येक प्रवाहाने आपले संबोधन जणू राखून ठेवले असल्याने निःपक्ष शब्द उरलेलाच नाही.

याहून महत्त्वाचे आहे ते या शब्दाचे नाकारले जाणे. सोव्हिएत तुरुंगात कैद्याने अधिकाऱ्याला 'तवारिश्च' म्हणायचे नसे. 'ग्राझ्दानिन', म्हणजे 'नागरिक', म्हणायचे. मराठीत 'नागरिक' हा प्रतिष्ठेचा शब्द. तेथे मात्र ते बहिष्काराचे चिन्ह ठरले. एका संबोधनातील बदलाने माणूस समाजाबाहेर पडला, हे 'कॉम्रेड' आणि 'नागरिक' या जोडीतून मराठी वाचकाला कसे कळावे? फार तर त्या व्यक्तीला पक्षातून काढले, असे त्याला वाटेल.

म्हणून सोव्हिएत काळातील साहित्याच्या भाषांतरात 'तवारिश्च' तसाच ठेवणे अधिक प्रामाणिक होय. शब्द परका वाटेल, हा आक्षेप फारसा टिकणारा नाही. 'कॉम्रेड' तरी कुठे घरचा होता? स्पॅनिशमधील 'एकाच खोलीत राहणारा' या अर्थाचा शब्द फ्रेंच-इंग्रजीमार्गे येऊन मराठीत रुळलाच. शिवाय मूळ शब्दाची व्याप्ती १९९१ नंतरही संपलेली नाही. रशियन सैन्यात वरिष्ठाला हुद्द्यासह आजही 'तवारिश्च' असेच संबोधतात, आणि सदनिकाधारकांच्या संस्थेच्या नावातही तोच धातू आहे. तेथे तर 'कॉम्रेड' हा पर्याय कोणाला सुचणारही नाही.