पावडरीआधी शिवार
शरीरसौष्ठवाच्या पहिल्या स्पर्धेत उतरायचं ठरलं की आधी पावडरीचा डबा शोधला जातो. यवतमाळच्या शिवारात तर सोयाबीन आणि तूर दोन्ही पिकतात. ७० किलोच्या पोराला किलोमागे १.६ ग्रॅम धरून दिवसाला ११२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० ग्रॅम सोयावडी, १०० ग्रॅम तूरडाळ, चार अंडी, अर्धा लिटर दूध आणि २०० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरी, एवढ्यात हिशेब जवळपास जुळतो. डाळीची प्रथिनं अपुरी, हा आक्षेप खरा. पण डाळीत कमी पडणारं मेथिओनिन ज्वारी पुरवते आणि ज्वारीत कमी असलेलं लायसिन डाळ. सोयाबीननं टेस्टोस्टेरॉन घटतं, ही भीती चाचण्यांत टिकलेली नाही. पावडर सोयीची, पण पाया नव्हे; आणि स्पर्धेआधी पाणी तोडणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ.